पिकअपच्या डिझेलची वही: मार्च ते जुलै २०२२

२२ मार्च २०२२, मंगळवार

आज सकाळी पंपावर भाव वाढलेला दिसला. दिवाळीत केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क दहा रुपयांनी कमी केलं, तेव्हापासून १३७ दिवस भाव जागचा हलला नव्हता. निवडणुका झाल्या की वाढणार असं सगळेच म्हणत होते, ते आज सुरू झालं. आपल्याकडे कालपर्यंत ९२-९३ च्या घरात होतं.

गाडी २०१८ ची बोलेरो पिकअप, १.७ टनाची. हप्ता अजून एक वर्ष आहे. आठवड्याला नारायणगाव ते वाशी मार्केट चार खेपा. जाताना शेतकऱ्यांचा भाजीपाला, येताना रिकामे क्रेट. भाडं क्रेटमागे ७५ रुपये, ७५ क्रेटचे ५,६२५.

गाडी विकून छोटी घ्यावी असं ताईने सुचवलं. रात्री आप्पांशी बोललो. ते म्हणाले, "छोट्या गाडीत निम्मा माल बसेल, पण ड्रायव्हर पूर्णच लागेल, रात्रही पूर्णच जाईल. आधी ही गाडी किती पिते ते तरी मोज." खरं आहे. चार वर्षं "दहा-बारा देते" असं सांगत आलो, मोजलं कधीच नाही. आजपासून ही वही.

२५ मार्च

मोजायची पद्धत ठरवली. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडतं तिथे, थांबायचं, वरून ठोकून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. परत आल्यावर त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत. जागा तीच हवी, कारण जमीन थोडी तिरपी असली तरी टाकीत अर्धा-पाऊण लिटरचा फरक पडतो.

पहिली खेप: ३३२ किलोमीटर, ३२.१ लिटर. ॲव्हरेज १०.३४.

टायर झिजलेत, म्हणजे मीटर थोडं जास्त पळत असणार आणि खरा आकडा याहून कमी असेल. पण सगळ्या नोंदी याच मीटरवर घेणार आहे, त्यामुळे एका खेपेची दुसरीशी तुलना चुकणार नाही.

२८ मार्च

आजवर हवा पंपावर चेक करायचो, तीही वीस-पंचवीस किलोमीटर गाडी पळाल्यावर. गरम टायरमध्ये हवा जास्तच दाखवते, त्यामुळे "बरोबर आहे" म्हणून निघून जायचो. आज पहाटे घरासमोर, थंड टायरवर, स्वतःच्या गेजने पाहिली. दाराच्या खांबावर कंपनीचा तक्ता आहे, भरलेल्या गाडीची हवा किती ते त्यात लिहिलंय. मागचं डावं चाक त्यापेक्षा २० ने कमी निघालं. वाल्वची पिन गळत होती. दहा रुपयांची पिन, आणि त्यापायी किती महिने तो टायर चपटा होऊन रस्त्याला चिकटून चालला असेल.

३१ मार्च

नारायणगाव ते आळेफाटा जाऊन आलो आणि उतरून चारही चाकांच्या मधोमध हाताची पाठ धरली. मागचा उजवा ड्रम एवढा तापलेला की हात ठेववेना. बाकीचे कोमट. म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता.

मिस्तरींनी खोललं. ब्रेक शूची ओढणारी स्प्रिंग तुटलेली, शू ड्रमला घासत होता. मजुरीसकट ६५० रुपये. एअर फिल्टरही काढला. चाकणच्या पट्ट्यातली सगळी धूळ त्यात बसलेली. नवा टाकला. फिल्टर झटकून पुन्हा बसवायची माझी सवय मिस्तरींनी तोडली. हवेचा जोर मारला की कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट इंजिनात जाते, असं ते म्हणाले.

३ एप्रिल

काल पाडवा होता, खेप नव्हती. आजची खेप: ३३१ किलोमीटर, २९.८ लिटर. ॲव्हरेज ११.१. हवा, ब्रेक आणि फिल्टर, एवढ्याच गोष्टी बदलल्या होत्या.

सीएनजीबद्दल तिघांनी विचारलं. राज्याने १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलंय. माझ्यासाठी तो मार्ग नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं असं ते चालतं. किट बसवली आणि झालं, असं पेट्रोलसारखं इथे होत नाही, इंजिनच बदलल्यासारखं काम आहे. शिवाय टाक्यांचं वजन मालातून वजा होणार. मार्केटची वेळ गाठायची असताना गॅसच्या रांगेत दीड तास मी उभा राहू शकत नाही.

६ एप्रिल

सोळा दिवसांत चौदा वाढी. लिटरमागे दहा रुपये गेले. आपल्या पंपावर १०३ ला टेकलं.

भाडं तेच ७५. दोन शेतकऱ्यांना दोन रुपये वाढवून मागितले. एकाने पट्टी दाखवली. काकडीचे पैसे हमाली, तोलाई आणि भाडं जाऊन हातात किती उरले ते त्याच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पुढे बोललो नाही. तो माझ्याएवढाच अडचणीत आहे. त्याच्या मळ्यातल्या पंपालाही डिझेलच लागतं.

एक गोष्ट आजपासून पक्की: वाशीत डिझेल भरायचं नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत व्हॅट २४ टक्के, बाकी राज्यात २१. लिटरला दीड-दोन रुपयांचा फरक पडतो. टाकी इथूनच फुल्ल करून निघायचं.

९ एप्रिल

आजची नोंद लांब होणार, कारण ही गोष्ट आमच्या लाइनवरच्या प्रत्येक पोराने वाचावी असं मला वाटतं.

माळशेज उतरताना गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे डिझेल वाचतं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. काही जण तर इंजिनच बंद करतात. तीन वर्षं मीही न्यूट्रलमध्ये उतरवली. एकदा क्रेट भरलेले असताना बोगद्याच्या खालच्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल खोल गेलं. डोंगराच्या बाजूला मातीचा ढीग होता म्हणून मी आणि गाडी राहिलो.

आज मिस्तरींना नीट विचारलं. हे कॉमन रेल इंजिन आहे, डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढला की उताराच्या जोरावर चाकंच इंजिन फिरवतात, आणि कॉम्प्युटर डिझेल तोडून टाकतो. जळतं ते शून्य. न्यूट्रल केली की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजत राहावंच लागतं. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घालतो, नेमकं त्याच्या उलटं घडतं. इंजिन बंद केलं तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-चार पेडलात संपतो, ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंगही जड होतं.

आज भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर आणि खालची वळणं दुसऱ्यावर उतरवली. ब्रेकला जेमतेम पाय लागला. टोकावड्याला उतरून ड्रम पाहिले, कोमट होते. दहा मिनिटं जास्त लागली असतील.

जो कुणी आपल्या पोराला न्यूट्रलमध्ये उतरवायला शिकवतोय, त्याने कृपा करून आजपासून थांबावं.

१४ एप्रिल

वेगाची खेप. मुरबाडच्या पुढे आणि परतीच्या मोकळ्या रस्त्यावर मी ८० ने पळवतो. रिकामी पिकअप तर हातात थांबत नाही. आज जाता-येता ६० च्या वर काटा जाऊ दिला नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो हे शाळेत शिकलेलं, पण आपल्या गाडीचं तोंड भिंतीसारखं सरळ आहे हे कधी लक्षात घेतलं नव्हतं.

दुसरं काम हौद्याचं. ताडपत्रीसाठी लावलेली पाइपची कमान केबिनच्या वर हातभर उंच होती. ती कापून केबिनच्या बरोबरीला आणली. ताडपत्री सैल असली की पालासारखी फुगते आणि गाडीला मागे ओढते. आता दोरी तीन जागी जास्त बांधतो. येताना रिकामे क्रेट उभे रचायचो, ते एकात एक घालून आडवे, केबिनच्या आडोशाला ठेवले.

३३३ किलोमीटर, २८ लिटर. ॲव्हरेज ११.८९. वेळ एका बाजूला साधारण अर्धा तास जास्त.

हिशेब मांडला. भाव ९३ असताना ३२.१ लिटरला २,९८५ रुपये लागायचे. आज १०३ च्या भावाने २८ लिटरला २,८८४. म्हणजे दहा रुपयांची सगळी वाढ भरून निघाली आणि वर शंभर रुपये सुटले. आज आप्पांना सांगताना आवाज चढला होता.

२० एप्रिल

एका ढाब्यामागे टँकरमधून "बायोडिझेल" मिळतं, १०३ च्या जागी ८० ला. ओळखीच्या एकाने महिनाभर भरलं. आज त्याची गाडी मिस्तरींकडे उभी होती, पंप आणि चारही नोझल बाद. या धंद्यात बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच तेल विकतात, परवाना नसतो, बिल नसतं. नोझलची भोकं अगदी बारीक असतात, त्यांना असलं तेल झेपत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. दोन पोरांच्या फीसाठी वाचवायला गेला होता.

२३ एप्रिल

उभ्या गाडीचं मोजलं. टाकी फुल्ल, घरासमोर एक तास इंजिन चालू, परत पंपावर: ०.७ लिटर (पंप चारशे मीटरवर आहे, ते यातच आलं). वाशीच्या गेटवर रांगेत मी सहज तासभर चालू ठेवायचो. आता बंद.

२७ एप्रिल

गेल्या चार खेपा ११.७ ते १२ च्या दरम्यान. आता ते आणखी वर जाईना. नवीन टायर, अलाइनमेंट, नोझल सर्व्हिस केलं तर अर्धा किलोमीटर मिळेल कदाचित.

संध्याकाळी वहीची पानं उलटताना एक गोष्ट डोळ्यांसमोर आली, आणि महिनाभर ती दिसली कशी नाही याचं आश्चर्य वाटलं. मी ३३२ किलोमीटरचं डिझेल जाळतो आणि भाडं मिळतं ते १६५ किलोमीटरचं. उरलेल्या १६७ किलोमीटरमध्ये मी माल असा काहीच वाहत नाही, फक्त प्लॅस्टिकचे क्रेट आणि हवा. ॲव्हरेज दहाचं बारा करायला मी स्प्रिंगा शोधत बसलो, आणि रस्त्याचा अर्धा भाग फुकट चाललाय.

मोठी गाडी महाग पडते ती रिकामी फिरते तेव्हा. भरलेली असेल तर किलोमागे तिच्यासारखी स्वस्त दुसरी नाही. आप्पा छोट्या गाडीबद्दल हेच सांगत होते.

परतीचं भाडं शोधायचं. वाशीला पाच मार्केटं आहेत: भाजीपाला, फळं, कांदा-बटाटा, मसाला आणि दाणाबंदर, म्हणजे धान्याचं. जुन्नर-ओतूर-नारायणगावचे किराणा दुकानदार शेवटच्या दोन ठिकाणांहूनच माल आणतात.

२ मे

पहिला प्रयत्न फसला. भाजी मार्केट मध्यरात्रीपासून चालतं, माझी गाडी पहाटे पाचला रिकामी होते. मसाला मार्केटची दुकानं उघडायला दहा-साडेदहा वाजतात. एका दलालाने माल देतो सांगितलं, अकराला या, एकला या असं करत तीनला नाही म्हणाला. केबिनमध्ये उन्हात झोप झाली नाही. रात्री घरी पोचलो तेव्हा घाट डोळ्यांसमोर डुलत होता. झोप नसताना गाडी चालवणं हे न्यूट्रलपेक्षा वेगळं नाही. पुन्हा असं करणार नाही.

उद्या अक्षय्य तृतीया. घरी.

८ मे

या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. दलालाकडे न जाता ओतूरच्या एका किराणा व्यापाऱ्याकडे गेलो. त्याचा माल आठवड्याला दोनदा येतो, मोठ्या ट्रान्सपोर्टने आळेफाट्यापर्यंत आणि तिथून पुन्हा टेम्पोने. दोन हमाली, दोन भाडी. मी म्हणालो, मी थेट तुमच्या दारात आणून देतो. आदल्या दिवशी तुम्ही दाणाबंदरला फोन करून माल काढून ठेवायचा, मी सकाळी नऊला लावणार. तो तयार झाला.

आज पहिली खेप. तांदूळ, डाळ, साखर, सगळं मिळून बाराशे किलो. भाडं २,८००. पहाटे पाच ते साडेआठ केबिनमध्ये झोपलो, दोन्ही काचा खाली करून, गाडी फळ मार्केटच्या सावलीत. माल एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, ते व्यापाऱ्याने आधीच फोनवर पाठवलं होतं.

माळशेज भरलेल्या गाडीने चढायचा म्हणजे डिझेल जाणारच. ३३२ किलोमीटर, ३१.३ लिटर, ॲव्हरेज १०.६. महिनाभराच्या मेहनतीने वर नेलेला आकडा खाली आला. पण ३.३ लिटर जास्त, म्हणजे ३४० रुपये, आणि हातात आले २,८००. हवा, ब्रेक, वेग, ताडपत्री सगळं मिळून आजच्या भावाने खेपेला ४२२ वाचत होते. ते सोडणार नाहीच. पण एका परतीच्या भाड्याने, जास्तीचं डिझेल वजा करूनही, त्याच्या जवळजवळ सहापट दिलं.

२२ मे

केंद्राने डिझेलवरचं शुल्क सहा रुपयांनी कमी केलं. आपल्याकडे ९५ आणि वर पैसे. टोमॅटो सुरू झालाय, क्रेट भरपूर.

सकाळीच फोन आला, "आता भाडं कमी कर." १०३ झालं तेव्हा मी वाढवलं नव्हतं, तेव्हा राग येण्यासारखं होतं. पण भांडून काय होणार? रात्री बसून तक्ता केला. खेपेला साधारण तीस लिटर. डिझेल पाच रुपयांनी हललं की खेपेला १५० रुपये, ७५ क्रेटवर वाटले तर क्रेटमागे २. पाया असा धरला: डिझेल ९३ असताना भाडं ७५. ९८ झालं तर ७७, १०३ झालं तर ७९, ८८ झालं तर ७३. मधल्या भावाला जवळचा रुपया.

२५ मे

तक्ता दहा शेतकऱ्यांना दाखवला. आजच्या भावाने ७६ निघतात. सगळ्यात म्हातारे बाबा म्हणाले, "वाढतंय तसं उतरणार पण आहे ना? मग पंपाची पावती दाखवत जा, आमचं काही म्हणणं नाही." दोघे दुसऱ्या गाडीकडे गेले, आठ राहिले. दर सोमवारच्या पावतीचा फोटो त्यांना पाठवतो.

१२ जून

काल रात्री आमच्याच गावातून तीन पिकअप वाशीला निघाल्या होत्या. एकीत ४० क्रेट, दुसरीत ३५, तिसरीत ५५. बेरीज १३०. दोन गाड्यांत आरामात बसले असते. तिसऱ्या गाडीचं तीस लिटर डिझेल उगाच गेलं.

आज तिघे एकत्र बसलो. रोज संध्याकाळी सहापर्यंत एकमेकांना क्रेटचा आकडा कळवायचा. दोन गाड्यांत बसत असेल तर दोनच निघतील, राहील त्याची पाळी उद्या पहिली. ज्याचा शेतकरी असेल त्याला क्रेटमागे ५ रुपये, गाडी नेणाऱ्याला उरलेले. ९० क्रेट कोंबायचे नाहीत, हेही ठरलं. जास्तीचे पंधरा क्रेट स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि टायरवर काय करतात ते तिघांनीही भोगलंय.

आप्पा आता "ॲव्हरेज किती दिलं" विचारत नाहीत. गाडी दारात आली की ताडपत्री उचलून हौद्यात बघतात.

१० जुलै, आषाढी

मोठा पाऊस. माळशेजमध्ये दरडी आणि धुकं. पुढचे दोन महिने घाट बंद, आमच्यासाठी तरी. चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली असा जुना हायवे धरला. अंतर जवळजवळ तेवढंच, पण चाकणच्या गर्दीत दीड तास गेला, पहिला-दुसरा गिअर करत. ॲव्हरेज १०.९. टोल वेगळा. ओतूरच्या व्यापाऱ्याला सांगितलं की पावसात माल एक दिवस उशिरा येईल. तो म्हणाला, सावकाश या.

१५ जुलै

राज्याने व्हॅट कमी केला, डिझेल तीन रुपयांनी उतरलं. आपल्याकडे ९२ च्या पुढे. तक्त्याप्रमाणे भाडं ७५. कुणी मागायच्या आधी मीच आठही जणांना फोन केला. बाबांनी विचारलं, "पावती?" पाठवली.

२४ जुलै

जुलैच्या आतापर्यंत तेरा खेपा, त्यात सात वेळा परतीचा माल. दोनदा ओतूरचा किराणा, तीनदा खताच्या गोण्या, एकदा ठिबकचे पाइप, एकदा नारळ. पाइपांचं वजन नगण्य होतं, पण बांधायला दोन तास लागले आणि मागे लाल फडकं लावून रात्री चालवायला भीती वाटली. पाइप पुन्हा घेतले तर दिवसाउजेडी.

रिकाम्या सहा खेपांपैकी तीन मंगळवारच्या आहेत. मंगळवारी परतीला काय मिळेल ते शोधायचंय. जुन्नरच्या एका पशुखाद्यवाल्याचं नाव कळलंय, उद्या त्याच्याकडे जाणार.

मागच्या दोन टायरांची नक्षी संपत आली आहे. पावसात घासलेल्या टायरवर भरलेली गाडी नको, महिनाअखेरीस बदलणार. नवे टायर आले की मीटर कमी पळेल आणि ॲव्हरेजचा आकडा थोडा खाली दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.